गोपालपूरला बघायचं काय?

सुट्टीत कुठं जायचं, हा प्रश्न आमच्या घरात वीस वर्षं कधी पडलाच नाही. भिलाईहून दुर्ग स्टेशन गाठायचं, गाडीत बसायचं आणि वर्ध्याला उतरायचं. दिवाळी असो की उन्हाळा, सुट्टी म्हणजे माझं सासर. तिथं पोचलं की मुलं अंगणात, हे आपल्या मित्रांत आणि मी स्वयंपाकघरात. तक्रार म्हणून सांगत नाही, पण सुट्टी संपवून भिलाईला परत आल्यावर मला दोन दिवस विश्रांती घ्यावी लागे, एवढं खरं. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणींना यातलं काही नवीन वाटणार नाही.

2023 च्या एप्रिलमध्ये माझे सासरे गेले. त्यांनी पोस्टातल्या नोकरीच्या पगारातून वर्ध्याला चार खोल्यांचं घर बांधलं होतं. मागे विहीर, दोन आंबे, एक पारिजात. त्या घरात आता सासूबाई एकट्या उरल्या. वय बहात्तर, गुडघे थोडे कुरकुरणारे, बाकी तब्येत ठणठणीत. वर्षश्राद्ध व्हायच्या आतच घराची बोलणी सुरू झाली. ती कोणी दुष्टपणानं सुरू केली असं नाही. पुण्याच्या धाकट्या भाऊजींना आईची काळजी होती, अमरावतीच्या वन्सांना होती, ह्यांनाही होती. एक बिल्डर जागेला चांगला भाव द्यायला तयार होता. तेव्हा घर विकावं, तीन वाटे करावेत आणि आईंनी चार-चार महिने एकेकाकडं राहावं, असा हिशेब फोनवरच ठरत गेला.

त्या हिशेबात आमचाही जीव गुंतला होता. ह्यांची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. निवृत्तीनंतर कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागतं. नागपूरला एखादा फ्लॅट घ्यायचा तर हातात रक्कम हवी. मीसुद्धा मनातल्या मनात त्या पैशांतून एक मोठा ओटा, खिडकीखाली भांड्यांची मोरी असं स्वयंपाकघर उभं करून ठेवलं होतं. त्यात काही पाप आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

फक्त आई काही बोलत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "पाहू."

डिसेंबरात आम्ही त्यांना भिलाईला आणलं. नाताळच्या सुट्टीत वर्ध्याला जायचा प्रश्नच नव्हता, कारण ज्यांच्याकडं जायचं त्याच आमच्याकडं होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टी मोकळी मिळाली. अकरावीतली लेक म्हणाली, "समुद्र." दहा वर्षांचा धाकटा म्हणाला, "समुद्र." आई म्हणाल्या, "समुद्रच पाहायचा तर जगन्नाथपुरीला तरी जाऊ, दर्शन होईल." पण वर्षाअखेरीस पुरीला पाय ठेवायला जागा नसते. आमच्या शेजारी गंजाम जिल्ह्यातलं एक ओडिया कुटुंब राहतं. त्यांनी सुचवलं, गोपालपूरला जा.

"तिथं बघायचं काय?" ह्यांनी विचारलं.

शेजारी थोडा विचार करून म्हणाले, "बघायचं असं काही नाही. समुद्र आहे."

नागपूर-दुर्गकडून पुरीला जाणारी एक गाडी रायपूर, टिटलागढ, रायगडा असा डोंगरातून वळसा घेत विजयनगरमला उतरते आणि मग किनाऱ्यानं वर ब्रह्मपूरला येते. ब्रह्मपूर म्हणजे जुनं बेरहामपूर. तिथून गोपालपूर सोळा-सतरा किलोमीटर, रिक्षानंही जाता येतं. वाटेत रस्त्याच्या कडेला काटेरी पातींची दाट कुंपणं लागतात. आई खिडकीतून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर केवडा!" खरंच केवडा होता. भारतातलं बहुतेक केवड्याचं अत्तर आणि केवडाजल या एकट्या गंजाम जिल्ह्यातून जातं. खरा बहर पावसाळ्यात, त्यामुळं आम्हाला फूल दिसलं नाही. पण आईंच्या लग्नातल्या वेणीत केवड्याचं पान होतं, हे मला त्या दिवशी रिक्षात कळलं. आठ महिन्यांत त्या आपण होऊन पहिल्यांदा काही बोलल्या होत्या.

गोपालपूर म्हणजे किनाऱ्यालगतचा एक रस्ता, त्यावर थोडी लॉजेस, चहाच्या आणि तळलेल्या मासळीच्या गाड्या, शंख-शिंपल्यांची दुकानं, एक दीपगृह आणि मागे गाव. गोपाळकृष्णाच्या देवळावरून गावाचं नाव पडलं. कंपनी सरकारच्या काळापासून इथं बंदर होतं. इथून बोटी रंगूनला जायच्या, माणसं मजुरीला ब्रह्मदेशात जायची, तिकडून तांदूळ यायचा. 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं, पुढं ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि बंदराची रया गेली. गोदामांच्या पडक्या भिंती आणि धक्क्याचे खांब तेवढे राहिले. आता थोडं उत्तरेला नवं बंदर झालं आहे, पण गावात त्याचा आवाज येत नाही. 1914 साली एका इटालियन गृहस्थानं इथं समुद्रावर हॉटेल बांधलं होतं. ते आजही आहे आणि आमच्या खिशाबाहेरचं आहे. आम्ही त्याचं फाटक बाहेरून पाहिलं.

आमचं लॉज साधं होतं. दोन खोल्या आणि समोर समुद्राकडं उघडणारा सामाईक व्हरांडा. जेवण आदल्या रात्री सांगून ठेवायचं. स्वयंपाकाला एक बाई होत्या. ओडियातही मावशीला माउसीच म्हणतात, त्यामुळं नातं जोडायला वेळ लागला नाही.

ह्यांनी सवयीप्रमाणं डायरीत 'बघायची ठिकाणं' लिहून आणली होती. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपली. देऊळ झालं, पडकी गोदामं झाली. दीपगृह दुपारनंतर थोडाच वेळ उघडतात. मुलांबरोबर हे वर चढले आणि वरून पुन्हा समुद्रच बघून आले. तिसऱ्या दिवशी गाडी करून ऋषिकुल्या नदीकाठच्या तारातारिणीच्या डोंगरावर देवीचं दर्शन घेतलं आणि रंभा गावाजवळ चिलिका सरोवर पाहिलं. हिवाळ्यात तिथं दूरदेशीचे पक्षी येतात, तेही लांबून दिसले. ऋषिकुल्येच्या मुखाशी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंच्या संख्येनं अंडी घालायला येतात. त्यासाठी मात्र त्याच दिवसांत यायला हवं. गाडीचं भाडं ऐकून हे दुसऱ्या दिवशी कुठं जायचं म्हणाले नाहीत.

मग उरला समुद्र. मुंबईला चौपाटीवर आम्ही सूर्य बुडताना पाहिला होता. इथं तो पाण्यातून वर येतो, डिसेंबरात सव्वासहाच्या आसपास. त्या वेळी मच्छीमार होड्या लोटत असतात. हे नुलिया लोक. त्यांची भाषा तेलुगू, बाजारात मात्र ओडियाही सफाईनं बोलतात. पोरं-बाया मिळून जाळं ओढतात, मासळी तिथंच वाळूत ओतली जाते आणि लिलाव होतो. इथली वाळू पाण्यात लगेच खोल उतरते आणि परतणाऱ्या लाटेला ओढ फार. पोहता येणाऱ्यांनीही एकट्यानं आत जाऊ नये. एका नुलिया आजोबांना ठरवून आम्ही मुलांना त्यांच्या हाती दिलं. त्यांनी धाकट्याचं मनगट असं पकडलं की तासाभरानंतरही सुटलं नाही. वर "लाटेकडं पाठ करायची नाही" हे तेलुगूत इतक्या वेळा सांगितलं की त्याला ते वाक्य पाठ झालं.

पहिले दोन दिवस मुलं दर अर्ध्या तासानं विचारायची, "आता काय करायचं?" लेकीच्या फोनला व्हरांड्यात रेंज मिळत नव्हती, त्याचं दुःख वेगळं. तिसऱ्या दिवसापासून विचारणं थांबलं. धाकटा चिखलातल्या खेकड्यांची बिळं मोजू लागला. माझी गंमत तर याहून वेगळी. सकाळी जाग यायची ती साडेपाचलाच. डबे नाहीत, दूध तापवणं नाही, हातांना काही कामच नाही. चहा आयता समोर यायचा आणि मी तो गरम असताना प्यायचे. दोन दिवस मला अपराध्यासारखं वाटलं, नंतर छान वाटायला लागलं.

आईंचं मात्र निराळंच चाललं होतं. त्या व्हरांड्यातून उठून हळूहळू मागच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसू लागल्या. सुरुवात झाली ती दालम्यावरून. डाळीत कच्ची पपई, वांगी, शेवग्याच्या शेंगा घालून शिजवतात, वरून जिऱ्या-मिरचीची भाजून केलेली पूड. आईंना ते आवडलं, पण फोडणी चुकली असं त्यांचं ठाम मत. माउसी स्वतः मात्र पखाळ खायची. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, आंबूस झाला की मीठ-मिरचीशी खायचा. त्यावर लसूण-मिरचीबरोबर चुरलेली 'बडी'. आईंनी ती बडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "ह्या तर आपल्या वड्या!" डाळ भिजवून, वाटून, उन्हात वाळवलेल्या. उडदाच्या की मुगाच्या, कोहळा घालायचा की नाही, यावर दोघींचं मोडक्या हिंदीत तासभर चाललं.

एक ओडिया स्वयंपाकीण आईंपेक्षा बरं हिंदी कसं बोलते, याचं मला नवल वाटलं होतं. उत्तर सुरत होतं. गंजाममधली घरंच्या घरं सुरतेच्या यंत्रमागांवर कामाला आहेत. माउसीचे दोघं मुलगे तिकडं. नवरा गेल्यावर मुलांनी तिला सुरतेला नेलं, ती आठ महिने राहिली आणि परत आली. तिनं आणखीही सांगितलं. 12 ऑक्टोबर 2013 ला, नवरात्रातल्या रात्री, फायलिन चक्रीवादळ इथं गोपालपूरलाच येऊन आदळलं, ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यानं. 1999 च्या महावादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती, म्हणून या वेळी सरकारनं आधीच किनाऱ्यावरून जवळजवळ दहा लाख लोक हलवले. त्यामुळं माणसं वाचली, घरं मात्र गेली. माउसीच्या घराचं छप्पर गेलं, केवड्याची झुडपं मुळासकट गेली. ते छप्पर तिनं आणि नवऱ्यानं पुन्हा घातलं.

"सुरतेहून परत काहून आलात?" आईंनी विचारलं. मी भांड्यातल्या शेंगा सोलत शेजारीच बसले होते.

माउसी हसली. "मुलं चांगली आहेत. सुना पण चांगल्या. जेवायला मिळायचं, टीव्ही होता. पण सकाळी उठून कुठं जायचं ते कळायचं नाही."

आई त्यावर काही बोलल्या नाहीत. शेंगांचं भांडं माझ्या हातून घेतलं आणि उरलेल्या त्यांनी सोलल्या.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही सगळे व्हरांड्यात लवंडलो होतो. पुण्याहून भाऊजींचा फोन आला. वारा जोरात होता म्हणून ह्यांनी आवाज मोठा केला आणि सगळ्यांना ऐकू येऊ लागलं. बिल्डर मार्चपर्यंत थांबेल, त्यानंतर नाही. आईला विचारलंस का? हे म्हणाले, "विचारतो रे, निवांत." एरवी अशा वेळी आमच्या घरात कुकर होतो, कोणी बेल वाजवतं, कोणाला तरी बाहेर जायचं असतं. तिथं काहीच नव्हतं. समोर नुसतं पाणी.

आईंनी हात पुढं केला. "दे इकडं."

फोन कानाला न लावता समोर धरून त्या म्हणाल्या, "अरे, मी इथंच आहे ना. मलाच विचार."

पलीकडं भाऊजी गप्प.

"घर विकायचं नाही. मी आहे तोवर तर नाहीच. मग तुम्ही तिघं पाहून घ्या."

"अगं आई, पण तू एकटी..."

"एकटी काहून? पुढच्या दोन खोल्या नोकरीवाल्या पोरींना देईन. बँकेतली एक मागे विचारून गेली होती. पेन्शन आहे. आजारी पडली तर येईन तुमच्याकडं, बरी झाली की जाईन. चार-चार महिने वाटून घ्यायला मी काय पाण्याची पाळी आहे?"

भाऊजींनी बरंच समजावलं. रात्री-बेरात्री काही झालं तर, दार कोण उघडेल, वय वाढतंय, भाव पुन्हा मिळणार नाही. त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझे बाबा गेले तेव्हा मी शेजारी होती. तुम्ही तिघं गाडीत होता. दार मीच उघडलं ना सगळ्यांना?" आणि फोन ह्यांच्या हातात दिला.

हे काही न बोलता चपला घालून किनाऱ्यानं निघून गेले. लेक आजीकडं बघत राहिली. मला राग आला होता, आईंचा नव्हे, पण नेमका कोणाचा तेही सांगता येईना. तीन वर्षांनी आम्ही कुठं जायचं? तो मोठा ओटा, ती खिडकी, सगळं एका वाक्यात पुसलं गेलं होतं. आणि तरी त्या बाईनं जे म्हटलं ते मला माझ्या सत्तरीत म्हणता येईल का, असंही मनात आलं.

हे दीड तासानं परत आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. आईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "आई, मागच्या खोलीवरची गच्ची गळते. भाडेकरू ठेवायचे तर आधी ते बघावं लागेल."

"पावसाळ्याच्या आधी," आई म्हणाल्या.

रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघं बाहेर बसून आकडे मांडले. भविष्य निर्वाह निधी किती, लेकीचं शिक्षण किती, नागपूरऐवजी वर्ध्यालाच आलो तर काय. उत्तर निघालं नाही. पण त्या वर्षभरात पहिल्यांदा आम्ही आमचे पैसे मोजत होतो, घराचे नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आई किनाऱ्यावर आल्या. पाच दिवस त्या पाण्यापासून वीस पावलं लांब वाळूत खुर्ची टाकून बसत होत्या. यवतमाळकडचं माहेर, वर्ध्याचं सासर, घोट्याच्या वर पाणी म्हणजे नदीवरचं स्नान तेवढंच ठाऊक. त्या दिवशी त्यांनी लुगडं थोडं वर खोचलं आणि नुलिया आजोबांना म्हणाल्या, "चला." एका बाजूला ते, एका बाजूला लेक. धाकट्यानं मागून ओरडून ते पाठ झालेलं तेलुगू वाक्य ऐकवलं. पहिली लाट गुडघ्यापर्यंत आली, पायाखालची वाळू सरकली तशा त्या मोठ्यानं "अगं आई गं" म्हणाल्या, आणि दुसऱ्या लाटेसाठी तिथंच उभ्या राहिल्या. आजोबांनी मनगट सोडलं नाही. मी फोटो काढायचा म्हणून फोन उचलला होता, पण तो हातातच राहिला.

वाटेत ब्रह्मपूरला तासभर होता. तिथले पापड आणि लोणची नावाजलेली आहेत, रेशमी साड्याही. साड्यांच्या दुकानात मी शिरले आणि किमती बघून बाहेर आले. आईंनी मात्र पापडांची चार पाकिटं घेतली. पुण्याला एक, अमरावतीला एक, आम्हाला एक. चौथं त्यांनी आपल्या पिशवीत तळाशी ठेवलं, माउसीनं कागदात बांधून दिलेल्या बडीच्या पुडीशेजारी.

मार्च 2024 मध्ये ह्यांनी आठ दिवस रजा काढून गच्चीचं काम करून घेतलं. जूनमध्ये पुढच्या खोल्यांत दोघी मुली राहायला आल्या, एक बँकेतली, एक शाळेत शिकवणारी. त्यांतली एक रात्री उशिरा येते, यावरून आईंची तिच्याशी कटकट चालते आणि फोनवर मला ती सगळी ऐकावी लागते. भाऊजींचा राग पुरता गेलेला नाही. दिवाळीला ते आले, पण दोनच दिवस राहिले. आमच्या निवृत्तीनंतरच्या घराचं अजून ठरायचं आहे. नागपूरच्या एका फ्लॅटचा कागद ह्यांच्या डायरीत आहे, आणि वर्ध्याच्या मागच्या खोलीचं माप घेतलेला एक कागदही.